मदत हवी आहे : नवशिक्यांसाठी रिमोटचे हेलिकॉप्टर कोणते घ्यावे?

बारा वर्षांच्या भाच्यासाठी (आणि खरे तर माझ्यासाठीही) उडवायला सोपे हेलिकॉप्टर घ्यायचे आहे. सध्या आमच्याकडे एकावर एक दोन पंखे असलेले, तीन चॅनेलचे (म्हणजे रिमोटने तीन वेगवेगळ्या हालचाली करता येणारे) खेळण्यातले हेलिकॉप्टर आहे. ते दिवाणखान्यात छान स्थिर राहते. परंतु त्याच्या शेपटीवरचा आडवा पंखा केवळ नाक वर-खाली करत असल्याने ते बाजूला सरकत नाही, आणि रिमोट इन्फ्रारेड असल्यामुळे गच्चीवर उन्हात ते आज्ञा पाळेनासे होते.

म्हणून आता एकच मुख्य पंखा, स्थिर पिच (पात्यांचा तिरपेपणा न बदलणारा), चार चॅनेल, सहा अक्षांचा जायरो (तोल सावरणारा संवेदक) आणि २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिमोट असलेले मॉडेल पाहत आहोत. पात्यांचा पिच बदलणारी सहा चॅनेलची हेलिकॉप्टरे तूर्त नकोत. कृपया ड्रोनही सुचवू नये. उडवण्यासाठी कोथरूडमधील सोसायटीचे सभागृह मिळते, खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये आहे आणि वजन २५० ग्रॅमच्या आत हवे.

हवेच्या दाबावरून उंची ओळखून ती आपोआप राखणारे बॅरोमीटरचे मॉडेल घेतल्यास थ्रॉटलवर (पंख्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर) हात बसायचा राहून जातो का? तसेच कोणत्या मॉडेलची पाती, शेपटीची मोटर आणि ३.७ व्होल्टची बॅटरी पुण्यातील दुकानांत सुटी मिळते?