मदत हवी आहे: बदलून आलेला मिक्सरही खराब, आता म्हणतात 'रिटर्नची मुदत संपली'

ऑनलाइन मागवलेला मिक्सर पहिल्याच वाटणाला जळका वास मारून बंद पडला. लगेच तक्रार केली, बदलून मिळाला. आता या दुसऱ्याचं भांडं खालून गळतंय. परत करायला गेले तर ॲपवरचं ते बटणच गायब! चॅटवरच्या बाईंचं (की यंत्राचं, देव जाणे) म्हणणं, मुदत मूळ ऑर्डरपासून मोजतात, सर्व्हिस सेंटरला फोन करा. सेंटरवाले म्हणतात दुरुस्त करून देऊ, पैशांचं विक्रेत्याला विचारा. विक्रेता मेलला उत्तरच देत नाही.

मला दुरुस्ती नकोय, पैसे हवेत. कोरी वस्तू पहिल्या दिवसापासून डागडुजी करून का वापरायची?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 वाचले. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मग ॲपच्या मुदतीला कितपत अर्थ आहे? तक्रार साइटविरुद्ध करू की विक्रेत्याविरुद्ध? बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, गळतीचा व्हिडिओ आहे. पार्सल उघडतानाचा नाही. मिक्सरचा कोण काढतं?

प्रतिसाद १:
कायद्यात तशा व्हिडिओची अट नाही, घाबरू नका. चॅटचा नाद सोडा. साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे, त्यांना मेल टाका. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पण ती मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. साइट, विक्रेता, उत्पादक, तिघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय उरत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार चालते, वकील लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं. ॲपची मुदत ही त्यांची सोय, तिच्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही.

धागाकर्ती:
धन्यवाद! उद्या सर्व्हिसवाला येतोय. येऊ नको म्हणून सांगू का?

प्रतिसाद २:
उलट येऊ द्या. दोष काय आहे ते जॉबशीटवर (त्याच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून, सही करून मागा, तोच तुमचा पुरावा. फक्त जाताना तो तक्रार बंद करायचा ओटीपी मागेल, तो देऊ नका.