तालुक्यातली सहायक साधनांची गरज मोजायची आहे: यूडीआयडीच्या यादीतून सॅम्पल काढावं का?

बालाघाट_सर्व्हे:
बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कुबड्या, व्हीलचेअर यांची गरज किती जणांना आहे आणि किती जणांची भागली आहे, याचा घरोघर सर्व्हे करायचा आहे. यूडीआयडी (केंद्र सरकारचं अपंगत्व ओळखपत्र) कार्डधारकांची यादी हाताशी आहे, त्यातूनच सॅम्पल काढलं तर चालेल का? किती माणसं लागतील? आणि अपंगत्व मोजायला जगभर वापरले जाणारे वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न पुरेत का?

मोजपट्टी:
यादीतून काढू नका. कार्ड मिळालेला माणूस एकदा तरी व्यवस्थेपर्यंत पोचलेला असतो. जो पोचलाच नाही तोच तुम्हाला शोधायचा आहे. शिवाय अपंगत्व आणि साधनाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी. 2011 च्या जनगणनेत अपंग व्यक्ती 2.21 टक्के होत्या. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागणारी शिवणकाम करणारी बाई त्यात कुठेच नाही. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या 2022 च्या अहवालात जगभरात 250 कोटी लोकांना किमान एक साधन लागतं असं म्हटलंय, ते चष्मा धरूनच.

वॉशिंग्टनचे प्रश्न इथे अपुरे पडतात. त्यांचा पहिलाच प्रश्न 'चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का' असा आहे. चष्म्याने नीट दिसणारा 'नाही' म्हणतो आणि गरजवंतांतून गळतो. डब्ल्यूएचओची 'राटा' ही सहायक साधनांच्या गरजेची प्रश्नावली घ्या. तीत साधनाशिवाय त्रास किती हे विचारतात. मग साधन कोणतं, कुठून मिळालं, पैसे कोणी दिले, किती लांब जावं लागलं, समाधान आहे का, आणि नसेल तर का नाही. साधनांची चित्रं दाखवूनच विचारा. नुसतं नाव घेतलं तर वॉकर किंवा कमोड खुर्ची अनेकांच्या डोळ्यांसमोर येत नाही.

किती टक्के गरज भागली याचा हिशेब असा: गरज भागलेले, अर्धवट भागलेले आणि न भागलेले, या तिघांची बेरीज खाली, फक्त भागलेले वर. 'साधन आहे का' एवढंच विचारून थांबलात तर आकडा फुगतो. साधन बघायला मागा. श्रवणयंत्र चालू करून मुठीत धरलं की बहुतेकदा शिट्टी वाजते. वाजली नाही तर आधी बॅटरी बघा. काठीच्या टोकाचं रबर झिजलंय का, व्हीलचेअरचे ब्रेक लागतात का, ती उंबरठ्यावरून बाहेर निघते का, हे तिथेच नोंदवा. पेटीत पडून असलेलं यंत्र 'अर्धवट'मध्ये जातं.

क्लस्टर_३०:
सॅम्पलबद्दल. चष्मा सोडून बाकी साधनांची गरज 10 टक्के धरली आणि अधिक-उणे 2 टक्क्यांची अचूकता हवी असेल, तर 865 माणसं. माणसं सुटी न निवडता वस्त्यांच्या गटांनी (क्लस्टर) निवडली की चूक वाढते, ती भरून काढायला सॅम्पल जितक्या पटीने वाढवायचं तो डिझाइन इफेक्ट. तो 1.5 धरा, म्हणजे सुमारे 1,300. दहा टक्के भेटणार नाहीत हे धरून 1,450 ची यादी करा. पण यात गरजवंत जेमतेम 130 निघतील. त्यातल्या निम्म्यांची गरज भागली असं आलं, तर त्या आकड्याची चूक अधिक-उणे 10 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून गाववार किंवा साधनवार टक्के छापू नका. तालुक्याचा एकच आकडा द्या. चष्म्याचा वेगळा काढा, नाहीतर तो बाकी सगळं झाकून टाकतो.

दृष्टी_तपासनीस:
लोक स्वतः सांगतात तेवढीच गरज धरली तर नजर आणि ऐकणं कमी मोजलं जातं. 'वयाने एवढं होतंच' म्हणून सोडून देतात. निदान 50 वरच्यांची नजर तपासा: लांबचं 6/12 च्या 'ई' तक्त्यावर (निरोगी नजरेला 12 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवरून ओळखायचं), जवळचं 40 सेंमीवर एन-6 या बारीक अक्षरावर. स्वतःचा चष्मा असेल तर तो लावून आणि काढून, दोन्ही. दोन्ही वेळा 6/12 दिसत नसेल पण पिनहोलमधून (बारीक भोकाच्या पट्टीतून) दिसलं, तर चष्म्याने बहुधा काम होईल. पिनहोलनेही नाही, तर मोतीबिंदूसारखं काही असू शकतं. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, चष्म्याच्या यादीत घालू नका.

बालाघाट_सर्व्हे:
दिवाळीनंतर सुरुवात केली तर? आणि मुलांचं काय?

मोजपट्टी:
तेव्हा ऊसतोडीला माणसं बाहेर पडलेली असतात. मागे म्हातारी माणसंच जास्त, त्यामुळे गरजेची टक्केवारी चढी येते. मेमध्ये, सगळे परतल्यावर करा. तेव्हाही कुलूप दिसलं की शेजारचं घर घेऊ नका, दुसऱ्या वेळेला परत जा. 2 ते 17 वर्षांच्या मुलांना मोठ्यांचे प्रश्न लावू नका. युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुपची मुलांसाठीची वेगळी प्रश्नावली आहे. ती आईला किंवा मुलाला सांभाळणाऱ्याला विचारायची.