वीस हजारांत फोटो एडिटिंगचा मॉनिटर: २७ इंची, की २४ इंची आणि कॅलिब्रेटर?

पंचवटीकर
लग्नसराई तोंडावर आलीये, बजेट २० हजार. माझं मत आधी सांगतो, मग तुटून पडा. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही), एसआरजीबी (नेट आणि फोनवरच्या फोटोंचा प्रमाण रंगसंच) ९९ टक्के. आणि उरलेले पैसे कॅलिब्रेटरसाठी, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणाऱ्या यंत्रासाठी, बाजूला. खोक्यावरच्या '१.६७ कोटी रंगां'ना भुलू नका, ते सगळ्यांवर छापलेलं असतं. एनटीएससी (टीव्हीच्या जमान्यातलं रंगांचं माप) ७२ टक्के असेल तर साधारण एसआरजीबीच्या आसपास. ४५ टक्के दिसलं की दुकानातून माघारी फिरा. २७ इंचीत फुल एचडी घेणं तर शुद्ध वेडेपणा. इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, २४ इंचीत ९२. शार्पनिंग किती झालं ते कळणार कसं?

कॉलेज रोडवाला
फुल एचडी घ्या म्हणालं कोण? २७ इंची क्यूएचडी, २५६० बाय १४४०, इंचाला १०९ पिक्सेल. २४ इंचीत लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरची दोन्ही बाजूंची पॅनल उघडली की मधे फोटो उरतो पोस्टकार्डाएवढा. आणि कॅलिब्रेटरचं कौतुक कुणाला? नवरीची मावशी फोटो व्हॉट्सअॅपवर बघणार, तेही रात्री, फोनचा नाइट मोड लावून. तिचा फोन कॅलिब्रेट करून देणार का?

पंचवटीकर
मावशीचा फोन माझ्या हातात नाही, म्हणून निदान माझी बाजू तरी सरळ हवी ना. माझा स्क्रीन निळसर असेल तर मी प्रत्येक फोटोत पिवळा वाढवत बसणार. मग हळदीच्या फोटोंत नवरी कुणाच्याही फोनवर कावीळ झाल्यासारखी दिसेल. शिवाय अल्बम आहेच. लॅबला फाईल एसआरजीबीत जाते आणि कागद काही नाइट मोडवर नसतो.

नवशिक्या
दुकानदार म्हणतो व्हीए पॅनल घ्या, काळा रंग जास्त गडद दिसतो आणि स्वस्तही पडतं. घेऊ का?

कॉलेज रोडवाला
सिनेमे बघायला घे. एडिटिंगला नको. मान जरा हलवली की सावलीतला तपशील बदलतो. इथे माझं आणि पंचवटीकरांचं एकमत आहे, तारीख लिहून ठेवा.

येवलेकर
मी ऑनलाइन विक्रीसाठी पैठण्यांचे फोटो काढतो, त्यामुळे रंग चुकला की थेट खिशाला चाट. 'फोटोत राणी कलर होता, आली ती जांभळट' म्हणून साडी परत येते, जायचा-यायचा कुरिअरखर्च माझा.

वाइड गॅमटच्या, म्हणजे जास्त रंग दाखवणाऱ्या स्क्रीनच्या, मोहात पडणाऱ्यांनो, जरा थांबा. डीसीआय-पी३ (सिनेमासाठीचा, एसआरजीबीहून मोठा रंगसंच) ९५ टक्केवाला स्क्रीन दिसतो झकास, पण कलर मॅनेजमेंट (फोटोचे रंग स्क्रीनप्रमाणे जुळवून दाखवायची सोय) नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो साधा लालसुद्धा भडक दाखवतो. तुम्हाला वाटतं रंग जास्त झाला, तुम्ही उतरवता, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर साडी धुऊन विटल्यासारखी दिसते. अशा मॉनिटरला एसआरजीबी मोड हवाच. त्यातही बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तो मोड लावला की ब्राइटनेसचं बटण गोठतं. घेण्याआधी दुकानात मेनू उघडून तेवढं करून बघा.

आणि धूपछाँव पैठणीचं काय करणार? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर जरा कलला की रंग पालटतो. तिथे कुठलाच मॉनिटर कामाला येत नाही. ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा आणि दोन कोनांतून दोन फोटो टाकायचे. त्यामुळे मी पंचवटीकरांच्या बाजूने, पण अर्धाच.

जुना माल
ऑफिसातून निघालेला आयपीएस अर्ध्या पैशांत मिळतो. पूर्ण पांढरं पान उघडून कोपरे बघा. पिवळट पट्टा किंवा डाग दिसला तर सोडून द्या.

कॉलेज रोडवाला
कॅलिब्रेटरवाल्यांना एकच विचारतो. 'प्रिंट काळे आले' म्हणून जी रड असते, ती मुळात कशाने? नवा मॉनिटर २५०-३०० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) धगधगत असतो, तुम्ही त्यावर फोटो उजळ समजून खाली ओढता. ब्राइटनेस १००-१२० निट्सच्या आसपास आणा, खिडकी पाठीमागे येणार नाही असं टेबल फिरवा, रंगाचं तापमान ६५०० केल्विन ठेवा. एक अल्बमचं पान छापून शेजारी धरा. फुकटात निम्मं काम झालं. त्या यंत्राला जवळपास दुसऱ्या मॉनिटरचे पैसे पडतात!

पंचवटीकर
१०० निट्स डोळ्यांनी मोजणार? डोळा दहा मिनिटांत कुठल्याही पांढऱ्याला सरावतो. आणि यंत्र रोज कुठे लागतं, महिन्यातून एकदा. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावं. ते चालवायचं डिस्प्लेकॅल सॉफ्टवेअर फुकट आहे. फक्त आपल्या स्क्रीनची प्रोफाइल (यंत्राने काढलेली रंगदुरुस्तीची फाईल) दुसऱ्याच्या मॉनिटरला लावू नका, एकाच मॉडेलचे दोन पीसही वेगळे निघतात.

येवलेकर
वर्गणीत मी आहे. यंत्र नाशकात कुणाकडे ठेवायचं ते ठरवा, मी कॅनडा कॉर्नरला येऊन घेऊन जाईन.

कॉलेज रोडवाला
माझेही धरा. पण मॉनिटर २७ इंचीच घेणार.