दोष लेन्सचा नाही, हवेचा

६०० मिमी लेन्स लावूनही नाथसागरावरचे (पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय) रोहित पक्षी (फ्लेमिंगो) फोटोत धूसर येतात, असं तुम्ही म्हणताय. लेन्स विकायला काढू नका! आपल्याकडे हिवाळ्यातसुद्धा ऊन चढलं की गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या, पिकाखालच्या) जमिनीवरची हवा लहरायला लागते; पक्षी जितका लांब, तितका फोटो लिबलिबीत. शटर स्पीड १/२००० सेकंद केला तरी फरक पडत नाही. मीही बरेच दिवस उगाच फोकसशी भांडत होतो. उजाडायच्या आत पैठण गाठा. गाडीतून काढणार असाल तर हीटर बंद, काचा आधीच खाली. आतली गरम हवा बाहेर पडतानाही तोच घोळ करते. गडद पाण्यावर पांढरे पक्षी असतील तर एक्सपोजर (फोटोतला उजेड) कॅमेऱ्यावर २/३ स्टॉप कमी ठेवा, नाहीतर पिसांचा तपशील जातो. टेलिकन्व्हर्टर (दृश्य आणखी मोठं करणारं जोडभिंग) मात्र घरीच राहू द्या.