कविता-कार्यशाळा 'मस्त, भिडली'च्या पुढे कशी न्यायची?

पठारावरचा
ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, एम.ए. मराठीला आहे. आम्ही सहा जण शनिवारी कविता घेऊन बसतो. परदेशात एम.एफ.ए.च्या (सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर पदवीच्या) वर्गात चालते तशी कार्यशाळा करायची होती, पण गाडी 'मस्त', 'भिडली'वरच अडते. नाहीतर एक जण बोलत सुटतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. शिवाय माझ्या साठेक कविता साठल्या आहेत, त्यांचा संग्रह करायचा आहे. आणि मराठी कवितांवर एम.एफ.ए.ला अर्ज करता येतो का?

अभंगवाला
दोन तासांत तीन कविता, जास्त नकोत. छापील प्रती बुधवारपर्यंत सगळ्यांच्या हातात हव्यात, ओळींना क्रमांक घालून. जागेवर पहिल्यांदा ऐकलेल्या कवितेवर 'मस्त' यापलीकडे कोणालाच काही सुचत नाही, तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

कविता कवीने वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. आपल्याकडे कविसंमेलनांची कमी नाही. आवाज, ठेहराव, परत घेतलेली ओळ यांवर कच्ची कविताही तरून जाते. दुसरा वाचताना जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या जागी लय मोडलेली असते किंवा ओळ चुकीच्या ठिकाणी तोडलेली असते.

मग पाच मिनिटं फक्त वर्णन: कोण बोलतंय, कोणाशी, कुठे, काय घडतं. चांगलं-वाईट काही म्हणायचं नाही. सहांपैकी तिघांना कविता तीन तऱ्हांनी कळली, तर कवीला त्याच क्षणी उत्तर मिळालं. त्यानंतर ओळीचा क्रमांक सांगून बोलायचं. 'शेवट कमकुवत आहे' चालणार नाही. 'चौदाव्या ओळीत आधी दिसलेलंच पुन्हा सांगितलंय' चालेल. आणि दुरुस्ती सुचवायची नाही, फक्त जागा दाखवायची. हा नियम मोडला की सहा जणांच्या सहा ओळी घुसतात आणि कविता कोणाचीच राहत नाही.

कवीने गप्प बसून लिहून घ्यायचं ही तिकडची जुनी रीत. तिच्यावर आता तिकडेच टीका होते, आणि ती रास्त आहे. म्हणून कवीला सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारू द्या: 'तिसरं कडवं हवंच का?' अशा जातीचे. चर्चा त्यांच्यापासून सुरू करा.

बोलघेवड्यावर उपाय: बोलण्याची पाळी लावा, आणि त्याची पाळी शेवटी.

ज्या आठवड्यात कोणीच काही आणणार नाही, त्यासाठी मोठ्या अभंगाचा सराव ठेवा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक, चौथा मोकळा. मुक्तछंदवाल्यांची 'हळूच', 'खूप', 'कुठेतरी' ही भरती तिथे लगेच उघडी पडते.

दर्यावर्दी
संग्रहाबद्दल. साठपैकी चाळीस-पंचेचाळीसच ठेवा. आधी फाइलमध्ये शब्द शोधून मोजा: माड, लाट, ओंजळ, एकांत, पाऊस. गोव्याच्या पहिल्या संग्रहांना हा आजार हमखास असतो. एकाच प्रतिमेवर पाच कविता असतील तर दोन ठेवा. लिहिलेल्या तारखेप्रमाणे क्रम लावू नका. पानं जमिनीवर मांडून शेजारशेजारच्या कवितांचा सूर बघा.

पुस्तक साधारण सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, म्हणून ८० किंवा ९६ पानांचा हिशेब धरा. त्यात सुरुवातीची सातआठ पानं शीर्षक, श्रेय, अनुक्रमणिकेत जातात. आकार डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) ठीक. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (म्हणजे कागदाची जाडी सांगणारं वजन), कव्हर ३०० जीएसएमच्या आसपास. प्रती तीनशेच्या आत असतील तर डिजिटल छपाईचा दर आधी विचारा, ऑफसेटला प्लेटचा खर्च एवढ्या थोड्या प्रतींवर पडतो.

खरा घोटाळा डीटीपीत, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीत होतो. तुमची फाइल युनिकोडमध्ये, छापखान्याकडे जुना फॉन्ट. रूपांतरात अर्धा र बदलतो. 'दऱ्या' लिहिलेलं 'दर्या' होतं, म्हणजे डोंगरातली कविता थेट मिरामारच्या समुद्रावर, आणि स्पेलचेक काही बोलत नाही. ॲ आणि जोडाक्षरंही तपासा. लांब ओळ पानात न मावता खाली आली तर ती आत सरकवून घ्या, नाहीतर वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. प्रूफ कागदावरच वाचा, मूळ प्रत शेजारी ठेवून. खाजन, मानस अशा खास गोव्याकडच्या शब्दांना पानोपानी तळटीप नको, पुस्तकाच्या शेवटी एक पान पुरतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, फुकट मिळतो. कोणी त्याचे पैसे मागितले तर सावध व्हा. पैसे घेऊन छापणारा प्रकाशक असेल तर प्रतींची संख्या, कॉपीराइट आणि न विकलेल्या प्रतींचं काय, हे तिन्ही लेखी घ्या.

पाटो_वाचक
एम.एफ.ए.बद्दल थोडक्यात. अमेरिकेत हा अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांचा असतो. अर्जासोबत बहुधा दहा ते वीस पानं कविता मागतात, त्या इंग्रजीत, आणि निवडीत सगळ्यात जास्त वजन त्यांनाच. नुसत्या मराठी कवितांवर भागत नाही. स्वतःच्या कवितांचे अनुवाद चालतात का, ते त्या विद्यापीठाला ईमेलने विचारा. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, शिफारसपत्रं सहसा तीन. तेव्हा सरांना, मॅडमना सप्टेंबरातच सांगा. सेमिस्टर परीक्षेच्या धामधुमीत घाईघाईने लिहिलेलं पत्र कोरडं येतं. शिकवण्याच्या कामावर फीमाफी आणि विद्यावेतन देणारेच कार्यक्रम बघा. कर्ज काढून कविता शिकायला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होते. रायटर्स वर्कशॉप १९३६ पासूनची, पदवी देणारी. इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम १९६७ चा, तिथे पदवी नाही. आधीच लिहून नाव केलेल्या लेखकांना काही काळ राहून लिहायला बोलावतात. दुसऱ्याचा विचार संग्रह आल्यानंतरच करा.

इथल्या एम.ए.त शोधनिबंधाचा विषय निवडायला मिळत असेल तर छंदावरचा घ्या. बोरीचे बा. भ. बोरकर मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहीत. दोन भाषांत एकाच कवीची लय कशी हलते, हे मोजून काढलंत तर अभ्यासही होईल आणि कानही तयार होईल. संदर्भांसाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय गाठा.

पठारावरचा
पाळीचा उपाय लगेच करतो. पण कविता सुधारून आणली तर ती परत चर्चेला घ्यायची का?

अभंगवाला
घ्या, पण जुना आणि नवा खर्डा दोन्ही एकाच कागदावर, शेजारी शेजारी. आणि निदान दोन आठवडे मध्ये जाऊ देत. लगेच आणलेल्या दुरुस्तीत नुसती चर्चेची आज्ञा पाळलेली असते.