खारं पाणी शिरलेल्या पाणथळीवर ड्रोन: कॅमेरा कोणता, उडवायचा कधी?

रावपुरा_वनस्पती: नमस्कार मंडळी. सयाजीराव विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतेय. जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईकडे एका गावालगतच्या पाणथळीतलं पाणकणीस (गावात घाबाजरियुं म्हणतात) शेंड्याकडून करपतंय. भरतीचं पाणी आत येतंय, असं गावकरी सांगतात. मित्राच्या साध्या ड्रोनने फोटो काढले, तर सगळं हिरवंगार! काय वापरू?

कोठीवाले_काका: बेटा, साध्या फोटोत हे उशिराच दिसतं. मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढता येत नाही, पर्णरंध्रं मिटतात, पान तापतं. हरितद्रव्य उतरतं ते त्यानंतर. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे सुटे टिपणारा) हवा आणि त्यात रेड एजचा, म्हणजे लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड यांच्या मधला पट्टा हवाच. मॅव्हिक ३ मल्टिस्पेक्ट्रल या ड्रोनमध्ये तो ७३० नॅनोमीटरला आहे. दाट झाडोऱ्यात एनडीव्हीआय (लाल आणि निअर इन्फ्रारेडवरून काढलेला हिरवाईचा आकडा) एका पातळीला जाऊन अडकतो, तिथे एनडीआरई (तसाच आकडा, पण लालऐवजी रेड एजवरून) कामाला येतो. विकत मात्र घेऊ नकोस. २०२२पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधनासाठी परवानगी काढावी लागते. आधी विद्यापीठातल्या इतर विभागांत विचार. सेंटिनेल-२ उपग्रहांची जुनी चित्रं फुकट मिळतात, एका ठिपक्यात १० मीटर जमीन असलेली. पाणथळ कधीपासून बिघडली ते त्यात बघ.

खाडीकाठची: ताई, भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका! आमच्या पहिल्या नकाशात एक मोठा पट्टा मेलेला दिसला. प्रत्यक्षात तिथे भरतीचं पाणी साचलं होतं. पाणी निअर इन्फ्रारेड शोषून घेतं, त्यामुळे हिरवाईचा आकडा कोसळतो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, कंबोईचं स्तंभेश्वर मंदिर भरतीत बुडतं ते उगाच नाही. दर वेळी ओहोटीलाच आणि शक्यतो त्याच वेळेला उडवा. ऊन डोक्यावर असलं की पाणी चमकतं, ती वेळ टाळा. उड्डाणाआधी कॅलिब्रेशन पॅनेलचा (किती प्रकाश परतवते ते ठाऊक असलेल्या पाटीचा) फोटो घ्याच, म्हणजे वेगवेगळ्या दिवसांचे आकडे ताडून बघता येतात.

आणि ड्रोनला मीठ दिसत नाही, झाडाचा ताण दिसतो. दुष्काळ, नत्राची कमतरता, कुजलेली मुळं यांनीही तसाच डाग पडतो. खाडीच्या तोंडापासून आत जाताना ठरावीक अंतरावर माती घ्या. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, क्षारांचं माप) ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली तर माती क्षारयुक्त धरतात. तिवरं असतील तर ती वेगळी काढा, ती पानांतून मीठ बाहेर टाकतात. पाणकणसाचं माप त्यांना लागू होत नाही.

कोठीवाले_काका: ईसीचं मी विसरलोच होतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा ग्रीन झोनमध्ये आहे का तेही बघ. तिथे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पक्षी घरट्यांवर असतील तर उडवूच नकोस.

रावपुरा_वनस्पती: काका, ताई, खूप आभार. माझे फोटो ऐन दुपारचे आणि भरतीचे होते! येत्या रविवारी ड्रोन न नेता फक्त मातीचे नमुने आणते. ईसी आली की इथेच टाकते.