मांजराचं नवजात पिल्लू: नाकातून दूध येतंय, मदत हवी आहे

आमच्या जिन्याखाली व्यालेली मांजर गुरुवारी गाडीखाली गेली. मागे तीन पिल्लं. डोळे मिटलेले, नाळ कालच गळली, म्हणजे पाच-सहा दिवसांची असावीत.

खोक्यात जुनी सुती साडी, एका कडेला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. गाईचं दूध अजिबात नाही. पिल्लांची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून दर अडीच तासांनी, रात्रीसुद्धा. पालथं धरूनच पाजते. नंतर कोमट ओल्या कापसाने पुसलं की शू-शी होते.

दोघं झकास आहेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ११२ आणि १०८ ग्रॅम, रोज दहाएक ग्रॅम वाढतायत. तिसरं, करडं, दोन दिवस ८४ वरच अडलंय. सिरिंजने थेंब थेंब दिलं तरी तिसऱ्या-चौथ्या घोटाला नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा येतो, शिंकतं, तोंड फिरवतं. टॉर्च लावून टाळू पाहिला, फट दिसली नाही. अंग गरम आहे, घरघर अजून नाही.

आम्ही चिपळूणला. नेहमीचे डॉक्टर सोमवारी येणार. रत्नागिरीला नेता येईल, पण एवढ्याशा जिवाला तो प्रवास झेपेल का, ही धाकधूक. दूध देणारी दुसरी मांजर आसपास नाही (विचारून झालंय).

तर सोमवारपर्यंत सिरिंज सोडून बाटलीचं निपल वापरू, की एकेक मिली करून दर तासाला पाजू? आणि नेमकं काय दिसलं तर वाट न बघता रत्नागिरीला निघायचं?